भागीदारी सोडवणाऱ्या बाई

परवा दुकानात दोन तरुण आले. भागीदारीत जेसीबी चालवत होते, आता वेगळं व्हायचं होतं. त्यातल्या एकानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "काका, सगळा मजकूर तयार आहे. नुसती आमची नावं टाका आणि प्रिंट काढून द्या." मी वाचून पाहिलं. मजकुरात चूक काहीच नव्हती. पण दोघं एकाच बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मी न राहवून विचारलं, "मालाची, यंत्राची मोजणी दोघांनी मिळून केलीत का?"

"कसली मोजणी? तो म्हणेल ते खरं. मला आता त्याचं तोंड बघायचं नाही," दुसरा म्हणाला.

मी प्रिंट काढून दिली, कारण माझा धंदाच तो आहे. पण ते जिना उतरून गेले आणि शेजारच्या बंद दाराकडे माझं लक्ष गेलं. तिथं ओव्हाळबाई असत्या तर ही पोरं एवढ्या स्वस्तात सुटली नसती.

बाई जाऊन आता दोन वर्षं होतील. कामशेतात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या वर, माझं टायपिंगचं दुकान आणि त्यांचं ऑफिस शेजारी शेजारी होतं. मधे भिंत नव्हती, प्लायवूड होतं. त्यामुळे त्यांच्याकडची भांडणं मला ऐकू यायची आणि माझ्या प्रिंटरची खरखर त्यांना. शोभा ओव्हाळ या वराळ्याच्या. कर सल्लागार म्हणून त्यांचं काम इतर कुणासारखंच होतं. पण मावळात कुणाची भागीदारी फुटली की लोक म्हणायचे, "बाईंकडं जा. त्या सोडवून देतील." गाठ सोडवावी तशी.

पाटीवर दोन नावं होती. 'ओव्हाळ आणि केदारी, कर सल्लागार'. दत्तात्रय केदारी हे बाईंचे भागीदार, वयानं त्यांच्यापेक्षा बरेच मोठे, पवना खोऱ्यातल्या शेतकरी घरातले. ऑफिस घेताना जागामालकानं म्हणे केदारीभाऊंना बाजूला घेऊन सुचवलं होतं, की पाटीवर तुमचं नाव आधी असू द्या, लोक कसे असतात तुम्हाला माहीत आहे. केदारीभाऊ म्हणाले, "बाराखडीत 'ओ' आधी येतो, 'क' नंतर. ती काय मी लावल्याली न्हाई." हा किस्सा बाईंनी मला कधी सांगितला नाही. खुद्द जागामालकच सांगायचा, आणि सांगताना हसायचा.

केदारीभाऊ बोलके, गावोगाव माणसं जोडणारे. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांच्या बोलण्यावरून त्यांचं मन ओळखायची एक युक्ती मला सापडली होती. काम सुरळीत चाललं असलं की त्या पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. 'नाही'चं 'न्हाई' झालं की समजावं, बाई आता कुणाचीतरी हजामत करणार. आणि त्या गप्प झाल्या की प्रकरण खरंच अवघड आहे.

फुटायला निघालेले भागीदार त्यांच्यासमोर येऊन बसले की पहिला नियम होता नावाचा. भांडलेली माणसं एकमेकांचं नाव घेत नाहीत. 'हा', 'तो माणूस', 'ह्यांनी' असं चालतं. बाई हात वर करून थांबवायच्या. "हा म्हणजे कोण? नाव घ्या. मला लिहायचंय." मग समोरचा खाली बघत ते नाव घ्यायचा. दुसरा नियम मोजणीचा. दुकान असो, गिरणी असो, त्या दोघांना घेऊन जागेवर जायच्या. टेपचं एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. मालाची थप्पी एकानं मोजायची, दुसऱ्यानं मोठ्यानं म्हणायची. एकदा मी म्हटलं, "बाई, यादी मागवून घेतली तर तुमचा दिवस वाचेल." त्या म्हणाल्या, "माझा वाचेल. पण ह्या दोघांनी शेवटचं एक काम मिळून केलेलं असू दे. पुढं कधी रस्त्यात भेटले तर आठवायला."

त्यांच्याबरोबर अशा एका मोजणीला मी गेलो होतो. पवना धरणाच्या काठी तंबू लावून पर्यटकांना ठेवायचा धंदा होता. जमीन बाळू पडवळची, भांडवल आणि जाहिरात पुण्याच्या समीरची. सुरुवातीला दोघं सख्ख्या भावांसारखे राहिले आणि मग नेहमीचंच, कोण जास्त राबतो यावरून बिनसलं. तंबू, गाद्या, होड्या, दिवे, सगळं मोजून झालं. समीरनं सगळं बाळूला देऊ केलं. त्याला फक्त इंटरनेटवरचं धंद्याचं नाव आणि पान हवं होतं. पलीकडच्या काठाला तो नवी जागा घेणार होता. "त्याची किंमत काय धरायची, मॅडम? ते तर मीच फुकटात बनवलेलं पान आहे. शून्य धरा."

बाळू बिचारा मान हलवायला लागला होता. बाई म्हणाल्या, "त्याला गुडविल म्हणतात, धंद्याचा नावलौकिक. तो सगळ्या धंद्याचा असतो, बनवणाऱ्या एकट्याचा नसतो. किंमत ठरवायची तर लोक इथं कशासाठी येतात ते बघावं लागेल. लोकांनी काय लिहिलंय ते वाचा की जरा. मोठ्यानं."

समीरनं मोबाइल काढला. पहिल्या माणसानं लिहिलं होतं, जागा सुंदर, आजींच्या हातची भाकरी विसरणार नाही. दुसऱ्यानं लिहिलं होतं, पाऊस लागला, तंबू गळला, पण आजींनी चुलीपाशी बसवून पिठलं वाढलं. तिसऱ्याच्या लहान मुलीला ताप आला होता, आजी तिच्या उशाशी बसून होत्या. समीर वाचत गेला. आवाज बारीक होत गेला. होड्यांबद्दल कुणी लिहिलं नव्हतं. दिव्यांबद्दल कुणी लिहिलं नव्हतं.

आजी म्हणजे बाळूची आई. धंद्याच्या कागदात तिचं नाव कुठंच नव्हतं. ती त्या वेळी पडवीत तांदूळ निवडत बसली होती. आपल्याविषयी काही वाचलं जातंय हे तिला कळलं असावं, कारण तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "काय झालं? भाकरी कच्ची लागली व्हय कुणाला?"

समीरनं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "बाळू, पान तुझ्याकडेच ठेव. मी दुसऱ्या नावानं करतो." त्या दिवसात त्यानं पहिल्यांदाच आपणहून बाळूचं नाव घेतलं. येताना गाडीत मी बाईंचं कौतुक करायला गेलो तर त्या म्हणाल्या, "पोरगा चांगला होता म्हणून जमलं. दर वेळी जमतंच असं न्हाई."

ते खरं होतं. लोणावळ्यात दोन मित्रांचं चिक्कीचं दुकान होतं. त्यांचे हिशेब बाईंनी इतके चोख केले की कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही. सह्या झाल्या, एकानं दुकान ठेवलं, दुसऱ्यानं समोरच्याच बाजूला नवं टाकलं. आणि त्यानंतर ते दोघं, त्यांच्या बायका, त्यांची लहानपणापासून एकत्र वाढलेली मुलं, कुणी कुणाशी बोललं नाही. एकाच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याला बोलावणं गेलं नाही. बाईंच्या मनाला ते लागून राहिलं होतं. लोणावळ्याला गेल्या की त्या दोन्ही दुकानांतून पाव पाव किलो चिक्की घ्यायच्या. त्यांना साखरेचा आजार, एक तुकडा चालत नसे. पुडे माझ्या टेबलावर ठेवायच्या. "दोन्ही सारख्याच लागतात का बघा," म्हणायच्या. सारख्याच लागायच्या.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की जी बाई सगळ्या तालुक्याला समोरासमोर बसवून बोलायला लावायची, तिच्या स्वतःवरच पाळी आली तेव्हा काय झालं, ते कळावं.

केदारीभाऊ विसरायला लागले. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. चष्मा कपाळावर असताना चष्मा शोधणं कुणाला चुकलंय? मग ते एकाच माणसाला दोनदा फोन करून तेच सांगायला लागले. एका गिरणीवाल्याचे आकडे दुसऱ्याच्या विवरणपत्रात भरले. बाईंनी ते वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. त्यानंतर बाई सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेच्या आधी यायला लागल्या. मी स्टेशनवरून चालत यायचो तर वरती पंखा चालू दिसायचा. केदारीभाऊंनी आदल्या दिवशी केलेलं काम त्या तपासायच्या, चुकलेलं पुन्हा करायच्या आणि फाइल जिथल्या तिथं, त्यांनी ठेवली होती तशीच ठेवायच्या. भाऊ आले की चहा मागवायच्या, काल काय काय झालं ते विचारायच्या. भाऊ उत्साहानं सांगायचे. असं कितीतरी महिने चाललं. मला माहीत होतं, चहावाल्याला माहीत होतं. केदारीभाऊंच्या मुलाला, तळेगावच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या अविनाशला, माहीत होतं. तो एकदा येऊन म्हणाला, "मावशी, बाबांना तुम्हीच सांगा. आमचं ऐकणार नाहीत." बाई म्हणाल्या, "सांगते." पण त्या सांगेनात. एवढ्या लोकांच्या गाठी सोडवणारी बाई, पण तिला स्वतःच्या गाठीला हात लावता येईना.

एक दिवस केदारीभाऊ लवकर आले. गाडी लवकर मिळाली असेल किंवा वेळेचं भान गेलं असेल. मी नुकता दुकानाचं शटर वर करत होतो. प्लायवूडच्या पलीकडून त्यांचा आवाज आला.

"बाई, ही फाइल तर मी काल पुरी केलती."

कागद सरकल्याचा आवाज झाला.

"ह्यावर तुमी लाल पेनानं काय करताय?"

मग बाईंचा आवाज, अगदी बारीक. "थोडं राहिलं होतं, भाऊ."

"थोडं? ह्यातला आकडा न् आकडा बदलल्याला दिसतोय." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कपाट उघडलं गेलं. एकेक फाइल टेबलावर आपटायला लागली. "ही पण? ही पण? कवापासनं चाललंय ह्ये?"

"दिवाळीच्या आधीपासून."

आणि मग केदारीभाऊ ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "सगळ्या तालुक्याला समोर बसवून बोलाया लावता तुमी! नाव घ्या म्हंता! आन मला? माझ्या पाठीमागं? मी काय पोर हाय का, बाई, माझी पाटी पुसून परत लिहायला?"

मी शटर अर्धवट धरून तसाच उभा होतो. भाऊ जिना उतरून गेले, माझ्याकडे न बघता. थोड्या वेळानं मी आत डोकावलो. बाई फाइली पुन्हा कपाटात लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, "खरं बोलले ते. ह्याच्यापुढं माझ्याकडं बोलायला काय न्हाई."

त्यानंतर केदारीभाऊ बरेच दिवस आले नाहीत. बाईंनी फोन केला नाही, घरीही गेल्या नाहीत. कामाला येणाऱ्या माणसांना सांगायच्या, भाऊ गावी आहेत. त्या दिवसांत एक प्रकरण आलं, दोन भागीदारांचं. बाईंनी ते तळेगावच्या दुसऱ्या सल्लागाराकडे पाठवून दिलं. "माझा हात सध्या बरोबर नाही," म्हणाल्या.

मग एका सकाळी भाऊ आले. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात पिशवी. पिशवीत घरचा इंद्रायणी तांदूळ होता, दर वर्षी आणायचे तसा. तो टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, आपला हिशेब करा."

"भाऊ, मी चुकले."

"चुकलात. ते झालं. आज माझं डोकं ठिकाणावर हाय, उद्याचं सांगवत न्हाई. तवा आजच बसू. तुमच्याच नेमानं करू. मोजणी दोघांनी मिळून."

मला यादी लिहायला बोलावलं. टेबलं, खुर्च्या, कपाटं, पंखा, कॉम्प्युटर. भाऊ मोजायचे, बाई मोठ्यानं म्हणायच्या. एका खुर्चीपाशी भाऊ थांबले. "ही कुटनं आली?" बाई म्हणाल्या, "तुमीच आणलेली, देहूरोडच्या लिलावातनं." "चांगली हाय की," ते म्हणाले, आणि त्यात बसून पाहिलं.

खरी अडचण पुढे आली. असं भांडण मी त्या ऑफिसात कधी ऐकलं नव्हतं. भाऊ म्हणत होते, मला काही नको. बाई म्हणत होत्या, गुडविल धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही आणि त्यातला मोठा वाटा भाऊंचा.

"माझा कसला आलाय नावलौकिक? मला माणसं आठवंनात, बाई. काल बायकोला विचारलं, ही सून कुणाची."

"तुम्हाला आठवत न्हाईत, भाऊ. माणसांना तुम्ही आठवताय. गुडविल त्यांच्याकडं असतो, आपल्याकडं नसतो."

भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. शेवटी म्हणाले, "घाला मग काय घालायचं ते."

भागीदारी सुटली की लोकांना जाहीर कळवावं लागतं. वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या की भागतं. बाईंनी त्या दिल्याच, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "नाणे मावळात पेपर वाचतं कोण?" असं म्हणून त्यांनी आपली जुनी गाडी काढली, भाऊंना शेजारी बसवलं आणि गावोगावच्या अशिलांच्या दारात घेऊन गेल्या. एक दिवस मलाही नेलं. प्रत्येक घराच्या अलीकडे गाडी हळू करायच्या आणि समोर बघत सांगायच्या, "हे खांडभोर. गिरणीवाले. यांच्या थोरल्याचं कर्ज तुम्ही मंजूर करून घेतलं होतं." भाऊ मान हलवायचे आणि खाली उतरून असे हाक मारायचे, "काय खांडभोर, थोरला काय म्हंतो?", की माणूस विरघळून जायचा. घरोघर चहा, घरोघर टोपी-टॉवेल, नारळ. एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "केदारी, आता आमचं कोण बघणार?" भाऊंनी बाईंकडे हात केला. "ह्या. आधीबी ह्याच बघत होत्या. मी नुसता बोलत होतो."

बाई गाडीकडे निघून गेल्या. मी मागून गेलो तेव्हा त्या आरशात बघून पदर सारखा करत होत्या. डोळे पुसून झाले होते.

भागीदारी-विसर्जनाचा दस्त मीच टाईप केला. बाईंनी तो भाऊंना वाचून दाखवला. शेवटच्या कलमावर त्या अडल्या. ते सगळ्या दस्तांत असतं, बाईंनीच शेकडो वेळा घातलेलं. 'यापुढे उभयतांचा एकमेकांवर कोणताही हक्क वा संबंध राहिलेला नाही.' त्यांनी मला हाक मारली. "ह्यातला 'संबंध' काढा. 'हक्क' राहू द्या."

"कायद्यानं चालेल?" मी विचारलं.

"हक्क नसला म्हणजे कायद्याचं भागतं. बाकीचं आमचं आम्ही बघू."

भाऊंनी सही केली. सही जुनीच आली, शेपटीसकट. आपलीच सही ते कौतुकानं बघत राहिले.

पाटी बाईंनी बदलली नाही. नाव ठेवायला भाऊंची लेखी परवानगी त्यांनी दस्तातच घेतली होती. काम एकटीनं करत राहिल्या. दर गुरुवारी दुपारी मात्र ऑफिस बंद. कुठं जातात ते मी विचारलं नाही. पुढे एके दिवशी घरी बसल्या बसल्याच त्या गेल्या. वराळ्याला खूप माणसं आली होती. चिक्कीवाले दोघंही आले होते, दोन टोकांना उभे.

पण मला त्या आठवतात त्या त्याच्या काही महिने आधीच्या. मी बायकोला घेऊन शिरगावला साईबाबांच्या देवळात गेलो होतो. गुरुवार होता, गर्दी होती. बाहेर झाडाच्या सावलीत ओव्हाळबाई उभ्या होत्या, पायाशी चपलांचे दोन जोड सांभाळत. मला आश्चर्य वाटलं. आमच्या ओळखीत त्या कधी देवळात गेल्या नव्हत्या. त्यांच्या ऑफिसात बाबासाहेबांची तसबीर होती आणि बुद्धांची, तेवढीच.

"मी आत जात नाही," त्या हसून म्हणाल्या. "पण भाऊंना इथं बरं वाटतं. वहिनींना एकटीला त्यांना आणणं होत नाही. बाहेर उभं राहायला काय जातंय?"

तेवढ्यात केदारीभाऊ आले, बायकोचा हात धरून, कपाळाला अंगारा. खूप वाळले होते. बाईंनी वाकून त्यांच्या चपला नीट लावून दिल्या. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. चेहरा ओळखीचा होता, नाव सापडत नव्हतं. मग भल्या माणसानं अनोळखी माणसाशी बोलावं तसे अदबीनं म्हणाले, "बाई, तुमी काय करता वो?"

"हिशेब करते, भाऊ. भागीदारी सोडवते."

भाऊंनी थोडा विचार केला. "सुटती का?"

बाईंना हसू आलं. "काहींची सुटती," त्या म्हणाल्या. "चला, रस पिऊ. ऊन लय झालंय."

एका बाजूनं वहिनी, एका बाजूनं बाई, मधे भाऊ, असे ते तिघं रसवंतीकडे निघाले. रस्त्यावर टेम्पो येत होता. बाईंनी एक हात वर करून त्याला थांबवलं आणि भाऊ पलीकडे पोचेपर्यंत तो हात तसाच वर धरून ठेवला.